ठिगळाची किंमत कोणी मोजायची?

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीस जाणाऱ्या भाविकांना राहाता हे गाव ठाऊक असते ते बहुधा रस्त्याकडेच्या पेरूंच्या राशींमुळे. गाडी थांबवावी, दोन किलो पेरू घ्यावेत आणि पुढे साईबाबांच्या दर्शनास निघून जावे, एवढाच आपल्या पांढरपेशा समाजाचा या तालुक्याशी संबंध. परंतु जो शेतकरी हे पेरू पिकवितो त्याचा संबंध, कळत वा नकळत, अमेरिकेतील रेडमंड नावाच्या एका गावाशी जडलेला आहे. त्याचा सातबारा आता संगणकावर आहे, फेरफार संगणकावर आहे, विकास सोसायटीचे त्याचे कर्जखाते संगणकावर चढू लागले आहे. रेशनच्या दुकानात त्याचा अंगठा यंत्रावर टेकला जातो. पीकविम्याचा अर्ज भरण्यास तो ज्या सेवा केंद्राच्या दारात उभा राहतो, तेथला संगणक बहुधा रेडमंडच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या प्रणालीवर चालतो. या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. राहात्याच्या शेतकऱ्यास ही वार्ता कोणी सांगितली नाही. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनीही ती वाचून पान उलटले. म्हणूनच हा विषय आम्ही आज पहिल्या पानावर घेत आहोत.

दुरुस्ती थांबली याचा अर्थ संगणक बंद पडला असा नव्हे. तो काल चालत होता तसाच आजही चालतो, आणि धोका नेमका यातच आहे. कोट्यवधी ओळींची आज्ञावली माणसाने लिहावी आणि तीत भोके राहू नयेत, हे होणे नाही. भोक सापडले की कंपनी त्यावर ठिगळ लावते आणि ते घरोघर पाठविते. १४ ऑक्टोबरनंतर सापडणाऱ्या भोकांना हे ठिगळ आपोआप येणार नाही. मग विंडोज ११ घ्यावी म्हटले तर त्यासाठी सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी एक विशिष्ट चिप यंत्रात असावी लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा असावा लागतो. २०१६ साली कर्ज काढून घेतलेला संगणक टाइप करतो, छापतो, अर्ज भरतो. पण या परीक्षेत तो नापास होतो. २०१५ साली विंडोज १० बाजारात आली तेव्हा ही विंडोजची अखेरची आवृत्ती होय, असे त्या कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीरपणे सांगितले होते. त्या बोलण्यावर विसंबून कोणी यंत्र घेतले असेल, तर त्याला मूर्ख कसे म्हणावे?

तरीही कंपनीची बाजू पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. परवलीचा शब्द वा किल्ली साध्या फाइलीत ठेवण्यापेक्षा बंदिस्त चिपमध्ये ठेवणे अधिक सुरक्षित, हे निर्विवाद आहे. जुन्या यंत्राशी मेळ राखावयाचा म्हणजे जुने दार उघडे ठेवावयाचे. आणि ते घरधन्यासाठी उघडे ठेवले तरी चोरास त्यातून येण्याची बंदी करता येत नाही. सुरक्षा आणि जुन्याशी मेळ, या दोन्ही गोष्टी लोकांना हव्या असतात, दोन्हींचे अभिवचन त्यांना दिले जाते, आणि दोन्ही एकदम पूर्णपणे देता येत नाहीत. हा पेच केवळ यंत्रज्ञांचा आहे असे मानून समाजाने त्याकडे पाठ फिरवावी, यासारखी दुसरी चूक नाही. ठिगळ कोणते लावायचे हे यंत्रज्ञाने ठरवावे. त्यामुळे कोणाचे काय मोडले आणि ते भरून कोणी द्यायचे, हा मात्र नीतीचा आणि राज्यकारभाराचा प्रश्न आहे.

जुने दार उघडे ठेवल्याचे फळ महाराष्ट्राने २०१७ साली न्हावा-शेव्याच्या बंदरात पाहिले. विंडोजमध्ये एका यंत्राने दुसऱ्यावरील फाइली वापरण्याची एक पद्धत होती. तिचा पहिला अवतार १९८० च्या दशकातला. तिच्याहून चांगल्या पद्धती पुढे आल्या, तरी जुने प्रिंटर आणि जुनी यंत्रे अडू नयेत म्हणून ती तशीच चालू ठेवण्यात आली. तीत भोक निघाले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी त्यावर ठिगळ दिले. ज्यांनी ते लावले नाही, वा ज्यांच्या विंडोज एक्सपीस ते देण्यातच आले नाही, त्यांच्यावर १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस तुटून पडला. एक्सपीचा आधार २०१४ सालच्या एप्रिलातच संपलेला होता. तरी १३ मे रोजी कंपनीला तिच्यासाठी खास ठिगळ काढावे लागले. आणि एवढे होऊनही २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. मर्स्क या जहाज कंपनीचा जगभरचा कारभार त्याने ठप्प केला, आणि तिच्याकडे असलेले जवाहरलाल नेहरू बंदरातील मालधक्क्याचे कामही खोळंबले. मार्चमध्ये फुकट मिळालेले ठिगळ जूनपर्यंत जगातल्या कित्येक बड्या कचेऱ्यांनी लावले नव्हते. ही कथा आळसाची आहे असे वाटेल. परंतु हा आळस बहुतेक वेळा भीतीचा असतो: ठिगळ लावले आणि चालते काम मोडले तर?

दुसरे उदाहरण पुण्याचे, आणि ते ज्याच्या खिशात बँकेचे कार्ड आहे अशा प्रत्येकास भिडणारे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांवर चोरांनी ताबा मिळविला. बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांत सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात सुमारे अडीच कोटी रुपये काही तासांत काढले गेले. १३ तारखेस आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. १९०६ साली स्थापन झालेल्या, पुणेकरांच्या विश्वासातील बँकेवर हा प्रसंग आला. मूळ घाव बँकेच्या यंत्रणेतच बसला होता, बनावट मंजुऱ्या तेथूनच दिल्या जात होत्या. हे विसरून सारा दोष कार्डांवर ढकलणे योग्य होणार नाही. परंतु चोरांच्या हाती जी कार्डे होती ती चिपची नव्हती, चुंबकीय पट्टीची होती. पट्टीवरील मजकूर उतरवून घेणे सोपे आणि नव्या कोऱ्या कार्डावर चढविणे त्याहून सोपे. पट्टी धोक्याची आहे हे रिझर्व्ह बँकेस ठाऊक होते. तिची कार्डे बदलून चिपची देण्यास तिने ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातलेली होती. चोर साडेचार महिने आधी आले. आजही आपल्या चिपच्या कार्डामागे ती काळी पट्टी असते. कोठे तरी, कोणा तरी दुकानात, जुने यंत्र असेल तर गिऱ्हाइकाची अडचण होऊ नये म्हणून.

एटीएमच्या यंत्रांची गोष्टही याच धर्तीची. एक्सपीचा आधार संपून तीन वर्षे झाल्यावर, २०१७ साली, रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले. आणि त्यांची चालढकल पाहून २१ जून २०१८ रोजी मुदतींचे वेळापत्रकच हाती ठेवले. सप्टेंबर २०१८ पर्यंत निदान पाव यंत्रे आधार असलेल्या प्रणालीवर आणावीत, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण, जूनपर्यंत सर्व. दरम्यान यूएसबीची तोंडे बंद करावीत, परवलीचे शब्द बसवावेत. हा आदेश चार वर्षे उशिरा निघाला हे खरेच. परंतु त्याची घडण आम्हांस शहाणपणाची वाटते. आज रात्री बारा वाजता सगळे बदला असे त्यात म्हटलेले नाही, आणि जमेल तेव्हा बदला असेही म्हटलेले नाही. बदल पूर्ण होईपर्यंतच्या काळात जुन्या यंत्रास निदान कडी घालण्याची व्यवस्था त्यात आहे. एटीएम चालविणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने त्याच वर्षी नोव्हेंबरात ओरड केली की, असल्या नियमांच्या खर्चाने मार्च २०१९ पर्यंत देशातील १ लाख १३ हजार एटीएम, म्हणजे जवळजवळ निम्मी, बंद पडतील, आणि झळ विशेषतः शहराबाहेरील यंत्रांस लागेल. तशी पाळी आली नाही. मात्र त्या ओरडीतील एक वाक्य आमच्या मनात घर करून बसले आहे: झळ शहराबाहेर लागेल. सुरक्षेचा खर्च वाढला की पहिले यंत्र कोणाचे उचलले जाते? लक्ष्मी रस्त्यावरचे नव्हे.

येथवर आम्ही सुरक्षेची तरफदारी केली. आता जो 'नंतर' हे बटण दाबतो त्याची बाजू ऐकू. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक आज्ञावलीस एक नवी माहिती-फाइल धाडली. ती एकाच वेळी सर्वत्र गेली, तीत चूक होती, आणि जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून गप्प झाले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास घेऊन विमानात बसावे लागले. राखणदारानेच घरास कुलूप ठोकावे तसे हे झाले. नॉटपेट्याची आरंभीची लागण तर युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अधिकृत सुधारणेतूनच झाली होती. तेव्हा सुधारणेला भिणारा माणूस अडाणी असतो हा आपल्या विद्वानांचा समज टाकून द्यावयास हवा. तो अनुभवाने शहाणा झालेला असतो.

राहात्यासारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालविणाऱ्या तरुणाचा अनुभव तर अधिकच बोलका आहे. आधार प्राधिकरणाने अंगठा घेणारी उपकरणे आधी नोंदणीकृत असावीत असे ठरविले. पुढे त्यांतलीही 'एल झीरो' प्रकारची उपकरणे मोडीत काढून 'एल वन' प्रकारची सक्तीची केली. कारण सयुक्तिक होते. पहिल्या प्रकारात अंगठ्याच्या ठशास कुलूप लागे ते संगणकात गेल्यावर. दुसऱ्या प्रकारात ते उपकरणाच्या पोटातच लागते, म्हणून वाटेत ठसा चोरणे कठीण होते. ठशांची चोरी करून गरिबांची खाती धुऊन नेल्याची प्रकरणे वाचणाऱ्या कोणासही हा निर्णय पटेल. पण चालते उपकरण टाकून नवे घेण्याचा भुर्दंड बसला तो अर्जामागे मोजके पैसे मिळविणाऱ्या केंद्रचालकास. त्याने बदल लांबविला तर उसाच्या पाचटाने बोटे घासून गेलेल्या म्हाताऱ्यास त्याने काय सांगावे? "बाबा, आज अंगठा घेत नाही, उद्या या." अंगठा का घेत नाही, तो बोटाचा दोष, उपकरणाचा, की काल रात्री आलेल्या सुधारणेचा, हे बाबांना कळत नाही, आणि खरे तर त्या तरुणासही कळत नाही. बाबा परत जातात. त्यांचा दिवस कोणाच्याही हिशेबात लागत नाही.

मराठी कचेऱ्यांत जुना संगणक टिकून राहण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या भाषेचे आहे. श्रीलिपी व तत्सम जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची वळणे बसविलेली होती. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की ठरावाच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. म्हणून एखाद्या कपाटाशेजारी धूळ खाणारे यंत्र केवळ जुनी इतिवृत्ते वाचण्यासाठी जिवंत ठेवलेले असते. युनिकोडने यावर तोडगा काढताना एक गोष्ट चांगली केली: एकदा अक्षरास दिलेला क्रमांक पुन्हा बदलायचा नाही, असे वचन दिले. पण याही वचनाला किंमत आहे. 'दुसऱ्या' किंवा 'कऱ्हाड' यांतील तो आपला खास मराठी अर्धा र लिहिण्याची नवी रीत ठरली, तरी जुन्या फाइलींसाठी जुनी रीतही मान्य राहिली. डोळ्यांना शब्द एक, यंत्राला दोन. एका रीतीने शोधावे आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेली नोंद सापडू नये, असे होते. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, आता संगणकांना दोन्ही नावे ओळखावी लागणार, आणि ती पुढील पिढीपर्यंत.) जुन्याशी मेळ राखणे म्हणजे केवळ लाड नव्हेत. कागद, दस्त आणि माणसाचे नाव जिवंत राहण्यासाठी ते अनेकदा अपरिहार्य असते.

मग मार्ग कोणता? लिनक्स या मुक्त प्रणालीचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या सहकाऱ्यांस एक दंडक घालून दिलेला आहे: गाभ्यातील बदलामुळे लोकांची चालती आज्ञावली मोडता कामा नये. या दंडकामुळे तिची सुरक्षा ढिली पडली असे कोणी म्हणत नाही. तेथेही जुने कायमचे सांभाळले जात नाही. १९८५ सालच्या ३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ साली काढून टाकण्यात आला. परंतु सत्तावीस वर्षांनी! त्याच्याशेजारी २०१६ सालचा संगणक २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने दारातच अडवावा, हे ठेवून पाहावे. जगातील सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीस जे परवडत नाही ते स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या कार्यास परवडते, ही गंमत नजरेआड करण्याजोगी नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. सुरक्षेचे ठिगळ अडवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. कारण एका यंत्राचे उघडे दार शेजारच्या शंभर यंत्रांस धोका असते. पण ज्याच्या आज्ञेने चालते साधन मोडीत निघते, त्याने त्या मोडीचा भार उचलला पाहिजे. शासनाने सेवा केंद्रचालकास उपकरण बदलण्याचा हुकूम द्यावयाचा असेल तर हुकुमाबरोबर निम्मे पैसे द्यावेत, निदान वर्षभराची मुदत द्यावी, आणि एकदा दिलेली मुदत पुन्हा पुन्हा वाढवू नये. मुदतवाढ म्हणजे ज्याने वेळेवर पदरमोड केली त्याला मूर्ख ठरविणे होय. कंपन्यांनी सुरक्षेचे ठिगळ आणि नव्या सोयींची सजावट एका गाठोड्यात बांधू नये. ज्यास केवळ कुलूप हवे त्याच्या गळ्यात नवा दिवाणखाना कशासाठी? सातबारा, दस्तनोंदणी, नगरपरिषदेची करआकारणी यांच्या आज्ञावलीत फेर करावयाचा तो आधी दोनचार तालुक्यांत करून पाहावा, आणि मार्चअखेर पीककर्जाची नवी-जुनी चालू असताना किंवा पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी मुळीच करू नये. जे जुने यंत्र जुन्या दप्तरासाठी ठेवणे भागच आहे, त्याची इंटरनेटची तार काढून ठेवावी. याला ना निधी लागतो ना समिती.

शासकीय खरेदीत तर एक अट आजपासून घालता येईल. यंत्र किंवा आज्ञावली विकणाऱ्याने सुरक्षा-दुरुस्ती किती वर्षे देणार हे निविदेत लिहून द्यावे, आणि सर्वात स्वस्त निविदा कोणती हे ठरविताना ती वर्षे मोजावीत. केंद्र शासनाने २९ जून २०२२ रोजी ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. खेड्यापाड्यांतील सोसायट्यांत त्यातून जे संगणक येतील तेही एके दिवशी जुने होतील, आणि त्या दिवशी सचिवाने काय करावयाचे याचे उत्तर त्या दिवशी शोधून चालणार नाही. राहाता तालुक्याच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला तो शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या दयेवर राहू नये म्हणून. त्या शेतकऱ्याच्या नातवाचे खाते परक्या कंपनीच्या वेळापत्रकाच्या दयेवर राहिले आहे, हे सहकाराच्या आजच्या धुरीणांनी ध्यानी घ्यावे.

विंडोज १० च्या बाबतीत घरगुती ग्राहकांस आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची ठिगळे देण्याची सवलत कंपनीने ठेवली. ती मिळविण्यास एकतर आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या खात्यात साठवावी, किंवा तिने दिलेले गुण खर्चावेत, किंवा तीस डॉलर मोजावेत. युरोपातील ग्राहक-संघटना या अटींविरुद्ध उभ्या राहिल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने त्या देशांपुरत्या अटी सैल केल्या. तेथील ग्राहकास जे मिळाले ते भारतातील ग्राहकास मिळाले नाही. मागणारेच संघटित नव्हते. ग्राहक चळवळ या देशात रुजविण्याचे श्रेय महाराष्ट्राकडे जाते. बिंदुमाधव जोशी यांची ग्राहक पंचायत १९७४ साली पुण्यात निघाली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली. तेल, साखर, रॉकेल यांच्या मापासाठी झगडलेल्या या संस्थांनी आता हे माप हाती घ्यावे. युरोपीय ग्राहकांस दिलेली सवलत भारतीय ग्राहकांसही द्यावी असे पत्र त्यांनी कंपनीस धाडावे, त्याची प्रत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास पाठवावी, आणि सेवा केंद्रे व लहान दुकानदार यांनाही घरगुती ग्राहकांच्याच दराने ठिगळे मिळावीत अशी मागणी त्यात करावी. त्या पत्रास स्थान देण्यास आमचे हे पान खुले आहे.